ओळखीचं वजन

"नाव लिहायचं नाहीये," बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, तरी कुणी पेनाचं टोपण काढलं नाही.

जेवणाच्या खोलीत आम्ही बावीस जण बसलो होतो. शनिवार होता आणि सुटायला वीस मिनिटं होती. बाई म्हणजे जेमतेम माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, कुठल्याशा कॉलेजातून आलेली. काम करणारा माणूस स्वतःला किती किंमत देतो, त्याचा आत्मसन्मान किती भरतो, याचा ती अभ्यास करत होती. तिने प्रत्येकाला एक कागद दिला. त्यावर दहा वाक्यं होती आणि प्रत्येक वाक्यापुढे चार चौकोन : पूर्ण पटतं, पटतं, पटत नाही, मुळीच पटत नाही. घरी न्या, शांतपणे, एकट्याने भरा, सोमवारी आणून द्या, असं तिने सांगितलं. पेन्सिल वापरायची नाही. खाडाखोड झाली तर कागद बाद.

"नाव नाही लिहायचं, तर बक्षीस कुणाला देणार?" पोपटने विचारलं. सगळे हसले. बाईही हसली.

पोपट माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याचं खरं नाव हजेरीपटाशिवाय कुठेच उरलं नव्हतं. तो बोलायला लागला की साहेबसुद्धा खुर्ची मागे घेऊन ऐकत बसायचे. मला हे जमत नाही. मला जे बोलायचं असतं ते घरी पोचल्यावर सुचतं.

मी कागद उलटून पाहिला. पाठीमागे, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने अगदी बारीक 'चौदा' लिहिलं होतं. हजेरीपटावर माझा क्रमांक चौदा आहे. मी चष्मा सारखा करायच्या निमित्ताने वाकलो आणि पोपटच्या कागदाची पाठ बघितली. तिथे नऊ होता. पोपटचा क्रमांक नऊ.

बाहेर हात धुताना मी त्याला हळूच विचारलं, तू मागचा आकडा पाहिलास का. त्याने पाहिला होता. "त्यात काय एवढं," तो म्हणाला. "कागद कुणाचा ते त्यांना कळणार, हे कळलंय ना? मग सगळीकडे 'पूर्ण पटतं' ठोकायचं. मी तर बसमध्येच भरून टाकणार."

मी कागदाची घडी केली आणि खिशात न ठेवता पिशवीतल्या पुस्तकात ठेवली.

आमच्याकडे तराजू आणि वजनकाटे दुरुस्त होतात. दुकानांचे, गोदामांचे, दवाखान्यात तान्ही मुलं जोखतात तेसुद्धा. दुरुस्त झालेला प्रत्येक काटा तपासणीच्या खोलीत येतो. तिथे मोठे मिस्त्री त्यावर प्रमाण वजनं ठेवून बघतात आणि काटा खरा निघाला तर त्याच्या तारेत शिशाचा मणी ओवून पकडीने दाबतात. मण्यावर शिक्का उमटतो. तो शिक्का असल्याशिवाय काटा आमच्या दाराबाहेर पडत नाही. खोलीत माणसं तीन, पण पक्कड एकच. मोठे मिस्त्री महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि पक्कड माझ्याकडे यायची की पोपटकडे, एवढंच ठरायचं होतं. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर तीस वर्षं काढली होती आणि माझी दोन उरली होती. ती दोन वर्षं पक्कड माझ्या हातात असावी असं मला फार वाटत होतं. किती, ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आणि नेमका त्याच महिन्यात हा कागद आला होता. कागद पकडीसाठीच असणार, ही शंका माणसाला लाज वाटावी इतकी सरळ होती.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी कागद घेऊन खिडकीशी बसलो. दहाही वाक्यं तीनदा वाचली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दुसरं वाक्य होतं, 'माझं मत ऐकण्याजोगं असतं.' सातवं होतं, 'मी बोलल्याने किंवा न बोलल्याने काही फरक पडत नाही.' म्हणजे तेच, पण उलटं. पाच वाक्यं बाजूने, पाच विरुद्ध, आणि सगळी मिसळलेली. जुना तराजू आम्ही असाच तपासतो. दोन पारड्यांत सारखी वजनं टाकल्यावर काटा मध्ये उभा राहिला तरी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. वजनांची अदलाबदल करायची. डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे. लबाड तराजू तिथे सापडतो. हा कागद करणारा माणूस कच्चा नव्हता. कागदाबद्दल माझा आदर वाढला आणि त्याचबरोबर संशयही वाढला.

पोपट मात्र बसमध्ये सगळीकडे 'पूर्ण पटतं' करणार होता. त्याला सोमवारी सकाळी सावध करावं, असं माझ्या मनात आलं होतं. ते मी केलं नाही, हे इथे सांगून टाकतो.

आता कुठलंही माप खरं की खोटं हे बघायचं तर त्यावर ओळखीचं वजन ठेवावं लागतं. जे किती आहे ते आपल्याला आधीच पक्कं ठाऊक आहे, असं. मी स्वतः त्या कामाचा नव्हतो. मी किती भरतो हे मला कधीच नक्की सांगता आलेलं नाही. सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं. पण ज्याच्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही असं एक माणूस घरातच होतं. ते स्वयंपाकघरात मटार सोलत बसलं होतं.

माझा पहिला कारखाना बंद पडला तेव्हा मी चौदा महिने घरी होतो, तोंडासमोर पुस्तक धरून. तेव्हा हिने दवाखान्याच्या चादरी शिवून घर चालवलं आणि मला एकदाही पुस्तक खाली ठेवायला लावलं नाही. माझी आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. शेवटी शेवटी आई मला ओळखत नव्हती, हिला ओळखायची. आमच्या जिन्यावर कुणाच्या मुलाला खोक पडली तर ते आधी हिच्याकडे येतं, मग डॉक्टरकडे. हिला जर कागदाने भारी दाखवलं नाही, तर कागद खोटा. इतकं सोपं होतं.

मी जाऊन तिच्यासमोर बसलो.

"अगं, मी एक एक वाक्य वाचतो. तुला पटतं की नाही तेवढं सांग."

"कसलं वाक्य?"

"ऑफिसचं आहे."

"ऑफिसचं मला कशाला विचारताय?"

मी म्हटलं, कागद नीट मोजतो का ते बघायचंय. तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे, मग कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवतायत का?"

"नाही गं."

"मग मला पाठवताय?"

मी तिला बाईबद्दल सांगितलं. आकड्याचं आणि पकडीचं सांगितलं नाही. तिचं समाधान झालं नाही, पण मटार सोलायचे होतेच. वाचा म्हणाली.

मी पहिलं वाक्य वाचलं : 'माझ्या माणसांना माझा उपयोग होतो.'

"पटतं," ती म्हणाली. "उपयोगाचं काय, तो झाडूचाही होतो."

मी 'पटतं'च्या चौकोनात खूण केली. दुसऱ्या वाक्याला ती हसलीच. "माझं मत? कुणी ऐकायचं? मुळीच नाही, असं लिहा." मी लिहिलं. तिसरं होतं, 'माझ्या हातून झालेलं काम दुसऱ्याने एकदा तपासून घेतलेलं बरं.' ते तिला पूर्ण पटलं. चौथं अर्धं वाचलं तोवर तिने उत्तर दिलं. दाणे वाटीत पडत होते आणि त्यांच्याबरोबर उत्तरं. कुठे अडखळली नाही की कुठे सुस्कारा सोडला नाही. भाजी निवडताना किडकी शेंग बाजूला टाकतात तशी ती स्वतःबद्दल बोलत होती.

नववं वाक्य आलं. 'अशी एक तरी गोष्ट आहे, जी मला इतरांपेक्षा चांगली कळते.'

"मुळीच पटत नाही."

"विचार तर कर."

"केला की. मला काय कळतं? होतं एक, वाटायचं मला. पण तेही नाही, हे तुम्हीच नाही का दाखवून दिलंत."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. मी न कळल्यासारखं केलं, खूण केली आणि दहावं वाक्य वाचलं. त्याचं उत्तर काय आलं ते मी ऐकलं, टिपलं, पण आज आठवत नाही.

ती कशाबद्दल बोलत होती ते मला चांगलं ठाऊक होतं.

लग्नाचं पहिलं वर्ष होतं. मी या कारखान्यात नाही, आधीच्या कारखान्यात लागलो होतो, तिथेही काटेच होते. एका संध्याकाळी मी अर्धा किलो साखरेची पुडी आणली. तिने ती तळहातावर घेतली, जरा वर-खाली केली आणि म्हणाली, "ही कमी आहे. वीसेक ग्रॅमने." मी हसलो. ती म्हणाली, तिच्या हाताला कळतं, लहानपणापासून. दुसऱ्या दिवशी मी पुडी पिशवीत लपवून कामावर नेली आणि जेवणाच्या सुट्टीत बारीक काट्यावर ठेवली. साखर अठरा ग्रॅम कमी होती.

त्याच आठवड्यात मी एका काट्यात किती फरक असेल याचा अंदाज सांगताना चुकलो होतो आणि सगळ्या खोलीने माझी थट्टा केली होती. हे काही कारण नव्हे. पण दुसरं सापडत नाही. मी घरी आलो आणि म्हटलं, "जोखून बघितली. बरोबर अर्धा किलो. ग्रॅमचाही फरक नाही."

"हो का," ती म्हणाली. "मग माझा हातच फसला."

त्यानंतर काही महिने ती पुड्या तळहातावर घ्यायची, पण काही बोलायची नाही. मग घ्यायचंही सोडलं. सरळ डब्यात ओतायला लागली. तो दुकानदार आम्हाला पुढे किती वर्षं कमी देत होता कोण जाणे.

खिडकीशी परत येऊन मी गुण मांडले. सरळ वाक्यांना चारपासून एकपर्यंत, उलट्यांना उलटे. चाळीसपैकी सतरा आले. मी पुन्हा बेरीज केली. सतराच.

पहिल्यांदा मी कागदावरच संशय घेतला, जसा घ्यायला हवा होता. पण आमच्या खोलीत एक शिस्त आहे. ओळखीचं वजन हलकं दिसलं तर काट्याला खोटं ठरवण्याआधी वाकून पारड्याखाली बघायचं. काही अडकलंय का. कुणाचं बोट लागलंय का.

मग कागद उलटला, तर पाठीवरचा चौदा दिसला. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसलोय. तपासणीच्या खोलीत पेन्सिल चालत नाही. काट्याने आकडा दाखवला की तो त्या क्षणी शाईने लिहायचा, नंतर आठवून नाही, कच्चा नाही. तीस वर्षांची सवय. माझ्यापाशी एकच कागद होता आणि त्यावर माझ्या पेनाने, माझ्या हाताने, हिची दहा उत्तरं पक्की झाली होती.

मी खोडरबराने चौदा पुसला. आकडा गेला, पण टोकाचा ओरखडा राहिला. उजेडात तिरका धरला की स्वच्छ वाचता येत होता.

सोमवारी दुसरा कागद मागायची माझी हिंमत झाली नाही. का हवा, असं त्यांनी विचारलं असतं. मी तोच दिला. त्या कागदाकडे कुणी बघणार नाही, अशी मी दहा दिवस स्वतःची समजूत घालत राहिलो आणि दहाही दिवस ती पटली नाही.

अकराव्या दिवशी साहेबांनी बोलावलं. खोलीत बाई बसली होती. टेबलावर आमचे कागद होते आणि ती त्यांच्याकडे न बघता आपल्या पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होती. साहेबांनी मला बसायला सांगितलं. ते मला कधी बसायला सांगत नाहीत.

त्यांनी बरंच गोड बोलून घेतलं. माझं काम, माझा हात, माझी तीस वर्षं. मग म्हणाले की शिक्का मारणाऱ्या माणसाला गिऱ्हाईकासमोर ठामपणे उभं राहावं लागतं, व्यापारी आवाज चढवतात, अशा वेळी माणसाचा स्वतःवर विश्वास हवा. आणि या कागदावर, म्हणजे त्यावर नाव नाही हे खरं, पण अंदाज येतो, चाळीसपैकी सतराच दिसतायत. पोपटला पंचवीस होते.

पंचवीस. मी मनातल्या मनात हिशेब केला. दहाही ठिकाणी 'पूर्ण पटतं' केलं, तर पाच वाक्यांचे चार-चार आणि उलट्या पाचांचा एक-एक. बरोबर पंचवीस होतात. त्याने एकही वाक्य वाचलं नव्हतं. मी बाईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती आणि तिलाही ते कळलेलं होतं.

"सर, हा कागद यासाठी नव्हता," ती साहेबांना म्हणाली. "मी आधीच सांगितलं होतं. आणि ते आकडे मी घातलेले नाहीत." मी त्या शनिवारपासून तिच्यावर नाही नाही ते संशय घेतले होते, ते मला आठवले.

साहेब म्हणाले, हो हो, हा फक्त एक मुद्दा आहे, बाकी आम्ही सगळं बघतोच.

मग ती माझ्याकडे वळली. "काका, हा तुम्ही एकट्याने भरलात ना?" तिने सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं. "म्हणजे, उत्तरं तुमचीच आहेत ना? नसतील तर तसं सांगितलंत तरी चालेल."

सुटायला दार उघडं होतं. मी एवढंच म्हणायचं होतं की ही माझी नाहीत, ही बायकोची आहेत. मग हा कागद हातोहात फिरला असता. साहेबांनी पुन्हा वाचला असता, पोपटने जेवणाच्या खोलीत आवाज काढून म्हणून दाखवला असता : माझं मत? मुळीच पटत नाही. आणि हसले असते सगळे, वाईट हेतूने नव्हे, असंच.

"माझीच आहेत," मी म्हटलं.

सांगून झाल्यावर वाटलं, यात खोटं किती आणि खरं किती हे कुणी जोखलं तर मला सांगता येणार नाही.

महिनाअखेर मोठ्या मिस्त्रींनी पक्कड पोपटच्या हातात दिली. देताना ते माझ्याकडे बघत होते. पोपटने छान भाषण केलं, त्यात माझं नावही घेतलं. मी सुटल्यावर दुकानात गेलो, अर्धा किलो साखर घेतली आणि घरी आलो.

"पक्कड गेली ना?" तिने दारातच विचारलं.

मी चमकलो. "तुला कुणी सांगितलं?"

"महिनाभर झोपेत मूठ दाबताय. कुणी सांगायला कशाला हवं." तिने पाण्याचा पेला पुढे केला. "जाऊ दे. त्या पकडीने बोटं दुखली असती."

मी पाणी प्यायलो. मग पिशवीतून पुडी काढली आणि तिच्यापुढे धरली. ती डब्याचं झाकण काढायला वळली, तेव्हा मी तिचा हात धरून पुडी तळहातावर ठेवली.

"किती आहे?"

तिने हात मागे घेतला नाही, पण डोळे बारीक केले. "आता हे काय नवीन? पुन्हा जोखून खोटं पाडायचंय?"

"त्या वेळची पुडी अठरा ग्रॅम कमी होती," मी म्हटलं. "तू बरोबर होतीस. मी खोटं बोललो."

नळ ठिबकत होता. मला वाटलं ती विचारेल, कुठली पुडी. तिने ते विचारलं नाही.

"का?"

मी उत्तर शोधलं. थट्टेचं सांगावं का, असं वाटलं, आणि ते किती क्षुल्लक आहे हे तोंडाशी येताच कळलं. मी मान हलवली. ती माझ्याकडे बघत राहिली. तीस-बत्तीस वर्षांत एखाद्याने अशी आणखी काय काय लपवलं असेल, याचा हिशेब करणारी ती नजर होती. मी ती चुकवली नाही, एवढंच.

मग तिचा हात आपोआप हलल्यासारखा जरा वर गेला, खाली आला. पुन्हा एकदा. तिने मान कलती केली.

"जास्त आहे," ती नाखुशीनेच म्हणाली. "पाच ग्रॅम."

दुकानदार कधी जास्त देत नाही, हे मला माझ्या नोकरीने शिकवलं आहे. भिंतीवरच्या फळीवर माझा जुना दोन पारड्यांचा तराजू होता, शेजारी वजनांची पेटी. हात वर केला असता तर पोचला असता. मी पुडी तिच्या हातातून घेतली, खिशातून पेन काढलं आणि पुडीवर शाईने लिहिलं : पाच जास्त.

"न जोखताच लिहिलंत?"

मी पेनाला टोपण लावलं. पुडी माझ्या हातातून तिने काढून घेतली ती जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा ती खालच्या मजल्यावर कुणाकडे तरी गेली होती. चहा करावा म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. फळीवरचा तराजू जागेवरून वीतभर सरकलेला होता. त्याच्या जुन्या बैठकीची जागा धुळीत चौकोनी, स्वच्छ उरली होती. वजनांच्या पेटीची कडी उघडी होती.

डब्यातली साखर संपली होती. पुडी मात्र फोडलेली नव्हती. ती फळीवर ठेवली होती, भिंतीला टेकवून, लिहिलेली बाजू पुढे करून. मी तो चहा बिनसाखरेचाच घेतला.